पोट दाबणारं बनियन: एक साइज लहान घेऊ नका

शेरवानीखाली पोट सपाट दिसावं म्हणून घट्ट बनियन घेताना ‘एक साइज लहान घे, चरबीही वितळेल’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो साफ चुकीचा आहे. दाबाने चरबी वितळत नाही. घामाने उतरतं ते पाण्याचं वजन, पाणी प्यायलं की परत चढतं. लहान साइजचं बनियन उलट घात करतं: खालची कड गुंडाळत वर सरकते, शर्टातून वळी दिसते, आणि जेवणानंतर पोटावर दाब वाढून आंबट ढेकर, जळजळ सुरू होते. रोज ऑफिसला सौम्य दाबाचंच घाला. जास्त दाबाचं लग्नाच्या २-३ तासांपुरतं. छाती-कंबर टेपने मोजा. घातल्यावर पोटभर श्वास घेता आलाच पाहिजे. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर असं बनियन घालायचं असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तेच.