रवीश कुमारच्या राजीनाम्यामागचं कर्ज

३० नोव्हेंबर २०२२ ला पत्रकार रवीश कुमारने एनडीटीव्ही हे न्यूज चॅनल सोडलं, तेव्हा अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं त्याला काढला आणि उरलेले म्हणत होते स्वतःच गेला, उगाच शहीद बनतोय. पण खरी गोष्ट २००९ मध्ये सुरू होते, आणि तिच्यात रवीश कुठेच नाही.

त्याचं आधीचं करिअर बहुतेकांना माहितीये. मोतिहारीकडचा मुलगा, १९९६ च्या सुमारास चॅनलमध्ये प्रेक्षकांची पत्रं निवडायच्या कामाला लागला, मग रिपोर्टर, मग 'रवीश की रिपोर्ट', मग प्राइम टाइम. फेब्रुवारी २०१६ मध्ये जेएनयू प्रकरणावर त्याने स्क्रीन काळा ठेवून नुसते आवाज ऐकवले, तो एपिसोड अजून शेअर होतो. त्याच वर्षी पठाणकोटच्या दहशतवादी हल्ल्याच्या कव्हरेजवरून सरकारने चॅनल एक दिवस बंद ठेवायचा आदेश काढला, त्यावर याने दोन मूकाभिनय कलाकारांना समोर बसवून प्रश्न विचारले, आणि तो आदेश नंतर स्थगितच झाला. २०१९ ला मॅगसेसे पुरस्कार.

आता कर्ज. चॅनलच्या मालक नवराबायकोची, म्हणजे प्रणय आणि राधिका रॉय यांची, एक खाजगी कंपनी होती, आरआरपीआर नावाची, तिच्याकडे एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर. जुनं बँकेचं कर्ज फेडायला या कंपनीने २००९-१० मध्ये एका फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीकडून ४०३.८५ कोटी घेतले, तेही बिनव्याजी. बिनव्याजी एवढे पैसे कोण देतं? बदल्यात वॉरंट दिले होते, म्हणजे कर्ज देणाऱ्याने ठरवलं तर ते वॉरंट शेअरमध्ये बदलून घ्यायचे आणि आरआरपीआर जवळजवळ पूर्णच त्याची. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१८ मध्ये म्हटलं की हे कर्ज वगैरे काही नाही, आडून घेतलेला ताबा आहे, पण जुलै २०२२ मध्ये मुंबईच्या अपील ट्रिब्युनलने ते फिरवलं. आणि महिनाभरात, २३ ऑगस्टला, अहमदाबादच्या अदानी उद्योगसमूहाने ती कर्ज देणारी कंपनीच विकत घेतली, साधारण ११४ कोटींना, आणि लगेच वॉरंट वापरले!

चॅनलचं म्हणणं होतं की आम्हाला विचारलंच नाही, शिवाय मालकांवर सेबीची शेअर व्यवहाराची बंदी आहे, ती संपेपर्यंत हे होऊच शकत नाही. बंदी २६ नोव्हेंबरला संपली, २८ ला आरआरपीआरचे शेअर अदानींकडे गेले, २९ ला दोघं मालक आरआरपीआरच्या बोर्डावरून उतरले, ३० ला रवीश. म्हणजे त्याला कुणी काढलं नाही हे खरंच, पण ज्या समूहावर तो रोज बोलायचा त्याच्याच पगारावर बसायचं की नाही एवढाच चॉइस उरला होता, याला "स्वतःहून गेला" म्हणायचं तर म्हणा. कायद्याने सगळं बसतं हेही मान्य. मला तरी वाटतं की सहीच्या वेळी मालकांनाही हे कागद काय आहेत ते नीट कळत होतं, त्यामुळे त्यांच्याबद्दलची सहानुभूती थोडी कमी करावी. डिसेंबरमध्ये त्यांनी स्वतःकडचे २७.२६ टक्केही त्याच समूहाला शेअरमागे ३४२.६५ रुपयांनी विकले, ओपन ऑफरमध्ये (ताबा घेणाऱ्याने बाकी शेअरधारकांना दिलेली खरेदीची ऑफर) बाकीच्यांना २९४ चा भाव होता, वरचा फरक या बाकीच्यांना जानेवारीत मिळाला.

रवीशने राजीनाम्याच्या व्हिडिओतच युट्यूबचा पत्ता दिला होता. आता तिथे एक कोटीच्या वर सबस्क्रायबर आहेत, म्हणून फॅन म्हणतात काय बिघडलं, उलट वाढलाच. बिघडलं ते हे की २०१८ ची नोकरी सिरीज, रेल्वेपासून एसएससीपर्यंत (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) अडकलेल्या भरत्या राज्याराज्यातून गोळा करून रोज रात्री लावून धरणं, त्याला मागे रिपोर्टर, कॅमेरे आणि डेस्क लागतं, ते एकट्याच्या खोलीतून होत नाही, म्हणून आता तो बातमी आणण्यापेक्षा बातमीवर बोलतोच जास्त.