एनिग्मॅटिस २ खेळणाऱ्या ग्राहकांसाठी : 'न्यू गेम' दाबण्याआधी हे वाचा

आमच्याकडे कॉम्प्युटर सर्व्हिसिंगला देणाऱ्या बऱ्याच घरांत वस्तू शोधायचे गेम आवडीने खेळले जातात. मुलांपेक्षा आई, मावशी, आजी-आजोबाच जास्त खेळतात. त्यांतल्या अनेकांनी 'एनिग्मॅटिस'चा पहिला भाग संपवून दुसरा, म्हणजे 'द मिस्ट्स ऑफ रेव्हनवुड', लावून घेतला आहे. तेव्हापासून दुकानात ठरावीक दोन-तीन प्रश्नांचे फोन येतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पत्रक.

पहिला भाग न खेळता दुसरा घेतला तर चालेल का? चालेल, पण आमचा आग्रह पहिल्यापासून सुरू करण्याचा आहे. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडी या कंपनीची ही तीन भागांची मालिका. पहिला भाग २०११ चा, दुसरा २०१३ चा, तिसरा २०१६ चा, आणि तिन्हींत गुप्तहेर एकाच माणसाच्या मागे आहे : प्रीचर. मेपल क्रीक गावात तो काय करून गेला हे माहीत असेल, तर रेव्हनवुडच्या जंगलात त्याचा माग काढताना खरी मजा येते. मात्र पहिल्या भागातली तुमची प्रगती दुसऱ्यात येत नाही. दोन्ही गेम स्वतंत्र आहेत. 'माझं पहिलं सगळं कुठे गेलं' म्हणून घाबरू नका, ते पहिल्या गेममध्ये जागच्या जागी आहे.

आता मुख्य मुद्दा. सगळ्यात जास्त तक्रारी एकाच कारणाने येतात. गेम अर्ध्याच्या पुढे गेलेला असतो. भिंतीवरच्या पुराव्यांच्या फळ्यावर फोटो, चिठ्ठ्या जुळत आलेल्या असतात. मग एखाद्या चित्रात वस्तू सापडत नाही, हिंटचं बटण भरायला वेळ लागतो, आणि वाटतं की सोपी पातळी घ्यावी. म्हणून मेनूत जाऊन 'न्यू गेम' दाबलं जातं. आधीची प्रगती पुसली जाईल, चालेल का, असं गेम विचारतो. ती ओळ न वाचता 'यस' होतं. नाहीतर रविवारी नातू येतो, आजीच्याच नावावर पहिल्यापासून खेळायला लागतो, आणि सोमवारी आम्हाला फोन येतो : 'माझा गेम परत आणून द्या.'

तो आणता येत नाही. हे आम्ही टाळाटाळ म्हणून सांगत नाही, त्यामागचं कारण समजून घ्या. या प्रकारच्या गेममध्ये एका प्रोफाइलला, म्हणजे खेळणाऱ्याच्या एका नावाला, एकच सेव्ह (साठवलेली प्रगती) असतो आणि गेम तो आपोआप लिहीत राहतो. 'न्यू गेम' केलं की जुन्या सेव्हवरच नवा लिहिला जातो. डिलीट झालेले फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर इथे कामाला येत नाही, कारण फाइल डिलीट झालेलीच नसते, तिच्या आतला मजकूर बदललेला असतो. क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवर साठवलेल्या कॉपीचं म्हणाल, तर तिथेही शेवटचा सेव्हच चढतो, म्हणजे पुसलेलाच.

उपाय अगदी सोपा आहे. मेनूत जिथे तुमचं नाव दिसतं, तिथे क्लिक करून घरातल्या प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा. नातवाचं नातवाच्या नावाने, आजीचं आजीच्या. पातळी बदलायची असेल तर आधी 'ऑप्शन्स'मध्ये बघा, बहुतेक गेममध्ये खेळ न मोडता ती तिथेच बदलते. अडकलात तर नकाशा उघडा. काम बाकी असलेली जागा सहसा त्यावर दिसते, आणि नव्वद टक्के वेळा उत्तर मागे राहून गेलेल्या एखाद्या खोलीतच असतं. चित्रात नुसतं सगळीकडे क्लिक करत सुटू नका, गेम थोडा वेळ कर्सर अडवतो. कोडं सुटतच नसेल तर 'स्किप' आहे, ते वापरण्यात काही कमीपणा नाही. मूळ गोष्ट संपली की पुढचं जादा प्रकरण उघडतं, आणि मधेच नव्याने सुरू करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

काही जण विचारतात, 'पेनड्राइव्हवरून फुकट टाकून द्या ना, बाकीचे देतात.' आम्ही देत नाही. तशा कॉपीबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो आणि मग तोच कॉम्प्युटर आमच्याकडे दुरुस्तीला येतो. आम्ही गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून, तुमच्या स्वतःच्या ईमेलने आणि तुमच्या पैशाने घेऊन देतो. खातं उघडायला थोडा वेळ बसावं लागतं, त्यावर नाराजी होते, हे आम्हाला माहीत आहे. पण त्यामुळे गेम तुमच्या नावावर राहतो, कॉम्प्युटर बदलला तरी पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. आवडला नाही तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. ही सोय पेनड्राइव्हवाला देणार नाही.

फॉरमॅटला मशीन आणताना एक गोष्ट आवर्जून सांगा : गेम खेळता का. 'गेम डी ड्राइव्हमध्ये आहे, सी उडवा' असं बरेच जण सांगतात. गेम डीमध्ये असतो, पण सेव्ह बहुधा सी ड्राइव्हच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो. आधी सांगितलंत तर त्याची कॉपी आम्ही फॉरमॅटच्याच पैशांत काढून ठेवतो.

विंडोज ७ आणि ८ वर १ जानेवारी २०२४ पासून स्टीमचा सपोर्ट बंद झाला आहे. जुनं मशीन असेल तर आधी दाखवायला आणा, कित्येकदा एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून आणि रॅम (मेमरी) वाढवून नवी विंडोज आरामात चालते, नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज पडत नाही. फोनवर खेळणाऱ्यांनी पूर्ण गेमचे पैसे कोणत्या गुगल खात्यातून भरले ते लिहून ठेवावं. मुलाच्या खात्यातून भरलेले पैसे तुमच्या नव्या फोनवर दिसणार नाहीत.

तिसरा भाग, 'द शॅडो ऑफ कारखाला', आता गोष्ट तिबेटच्या डोंगरांत घेऊन जातो. घाई नसेल तर स्टीमच्या उन्हाळी किंवा हिवाळी सेलपर्यंत थांबा. दुकानात नाव आणि नंबर देऊन ठेवलात, तर किंमत उतरली की आम्ही कळवू. लावून देताना प्रोफाइलं आम्हीच करून देतो, फक्त घरात कोण कोण खेळणार त्यांची नावं सांगा.