पँथर रणगाड्याची दुखरी जागा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पँथर रणगाड्याची चर्चा तोफेपासून सुरू होते आणि ते रास्तच आहे. 75 मिमी व्यासाची ती लांबलचक तोफ चिलखतभेदी गोळा सेकंदाला सुमारे 935 मीटर वेगाने फेकायची. पुढचे चिलखत 80 मिमी जाड, पण उभ्या रेषेपासून 55 अंश मागे झुकवलेले. त्यामुळे समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला जवळपास 140 मिमी पोलाद भेदावे लागे. बाजूला मात्र जेमतेम 40 मिमी. म्हणून पँथरचे तोंड सतत शत्रूकडे ठेवावे लागे आणि त्यासाठी तो वळवावा लागे. खरी दुखरी जागा इथेच होती: पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकामागच्या ‘फायनल ड्राइव्ह’मध्ये, म्हणजे त्या चाकाला जोर देणाऱ्या शेवटच्या गिअरपेटीत.

1941 च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्याची गाठ सोव्हिएत टी-34 रणगाड्याशी पडली आणि नव्या रणगाड्याची घाई सुरू झाली. मे 1942 मध्ये एमएएन कंपनीचा आराखडा निवडला गेला, जानेवारी 1943 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि जुलैमध्ये पँथर थेट लढाईत उतरला. दरम्यान पुढचे चिलखत 60 वरून 80 मिमी झाले. 35 टनांच्या आसपास धरलेले वजन 45 टनांवर गेले. फायनल ड्राइव्ह त्या प्रमाणात दणकट झालाच नाही.

इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे. मायबाखचे 12 सिलिंडरचे, 23 लिटरचे पेट्रोल इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर 700 अश्वशक्ती द्यायचे. ही ताकद बुरुजाखालच्या लांब शाफ्टमधून चालक आणि रेडिओ ऑपरेटर यांच्या मधल्या गिअरबॉक्सपर्यंत येई, तिथून दोन्ही बाजूंना फाटे फुटत आणि शेवटी फायनल ड्राइव्ह गती कमी करून जोर वाढवत असे. या जागी प्लॅनेटरी गिअर बसवायचा विचार होता. त्यात मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात आणि भार वाटला जातो. पण त्याच्या बाहेरच्या कड्याला आतून दाते कापावे लागतात आणि तशी यंत्रे जर्मनीत पुरेशी नव्हती. मग सरळ दात्यांच्या गिअरच्या जोड्यांवर भागवले. सरळ गिअरमध्ये एका वेळी एक-दोन दातेच सगळा जोर झेलतात. चढावर, चिखलातून निघताना किंवा जागच्या जागी वळताना धक्का बसला की दाता तुटायचा. भाराखाली पेटी किंचित जरी वाकली तरी दात्याला दाता नीट भिडत नसे आणि झीज वाढे. जागच्या जागी वळणे यंत्रणेला जमत होते, पण ते टाळा, अशी चालकांना ताकीद असे.

युद्धानंतर फ्रेंच सैन्याने काही पँथर वापरले. 1947 च्या त्यांच्या अहवालात फायनल ड्राइव्हचे सरासरी आयुष्य 150 किमी नोंदले आहे; इंजिनाचे 1000 किमी. टाकीत 730 लिटर पेट्रोल मावायचे आणि त्यावर पक्क्या रस्त्याने साधारण 200 किमी जाता येई. म्हणजे एक टाकी संपण्याआधीच हा भाग हात टेकायचा!

गिअरबॉक्स काढणे त्याहून कटकटीचे. चालकाच्या डोक्यावरचे छत उघडून, क्रेन लावून तो वर उचलावा लागे. अमेरिकी शर्मन रणगाड्याचाही गिअरबॉक्स पुढेच होता, पण त्याचे नाक बोल्टने जोडलेले. बोल्ट काढले की ती सगळी यंत्रणा पुढून बाहेर येई. पँथरची चाके कौलांसारखी एकमेकांवर चढलेली होती. त्यामुळे वजन छान पसरे आणि शेतातून गाडी मऊ चाले. पण आतले चाक बदलायचे तर बाहेरची आधी उतरवा, आणि रशियन थंडीत मध्ये अडकलेला चिखल रात्रीत गोठला की सकाळी गाडी हलेना.

पहिल्याच लढाईत, रशियातल्या कुर्स्कला, पँथर आपोआपच बंद पडले, असे सर्रास लिहिले जाते. आकडे थोडे वेगळे सांगतात. 200 पँथर आणले होते. 10 जुलै 1943 च्या संध्याकाळी आघाडीवर चालू स्थितीत उरले फक्त 10. दुरुस्तीला आलेल्या 100 पैकी 56 सुरुंग आणि तोफगोळ्यांनी जखमी होते, 44 यांत्रिक बिघाडाने. 25 कायमचे गेले. त्यातले दोन आघाडीवर पोचण्याआधीच पेटले. इंजिनाचा कप्पा पाण्यातून जाता यावे म्हणून बंदिस्त केला होता, त्यामुळे हवा खेळत नसे आणि पेट्रोल गळले की भडका उडायचा.

काही दुखणी पुढे आटोक्यात आली. नोव्हेंबर 1943 पासून इंजिनाला 2500 फेऱ्यांची मर्यादा घातली गेली. बंद पडलेला पँथर ओढायला आधी 18 टनी अर्धपट्टा (पुढे चाके, मागे पट्टे असलेल्या) गाड्या एकाहून जास्त जुंपाव्या लागत. पुढे पँथरच्याच सांगाड्यावर बुरूज नसलेला, ओढण्याच्याच कामाचा ‘बेर्गेपँथर’ आला. फायनल ड्राइव्हचे सरळ गिअर मात्र शेवटपर्यंत राहिले. त्यात उत्पादनाचा कल सुटे भाग साठवण्यापेक्षा पूर्ण रणगाडे मोजण्याकडे होता. 1944 मध्ये माघार सुरू झाल्यावर, गोळा न लागताही फक्त दाता तुटलेला पँथर ओढायला कोणी नाही म्हणून त्याच्याच माणसांना सुरुंग लावून उडवावा लागे.