सर्द हवेतला दारूगोळा

सरकारी कारखान्यातून निघालेला गोळा ऐनवेळी फुटेल ना, ही काळजी कोकणपट्टीला नवी नाही. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा असलेल्या या किनाऱ्यावर दारू नुसती चांगली बनवून भागत नाही, ती चांगली राहावीही लागते.

अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या मानल्या जाणाऱ्या आज्ञापत्रातले, म्हणजे मराठी राज्याच्या कारभारावरच्या ग्रंथातले दारूखान्याचे कलम या दृष्टीने वाचावे. कोठार राहत्या घरांजवळ नको. तळघरात गच्च (चुन्याची पक्की जमीन) करावा, माच (उंच फळ्यांची बैठक) घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू, बाण, होके (हाताने फेकायचे दारूचे गोळे) बाहेर काढावेत, ऊन द्यावे आणि परत ठेवून मुद्रा, म्हणजे शिक्का, करावी. ही मुद्रा मला फार मोलाची वाटते. ती एकदा उमटली की तपासणीची जबाबदारी एका माणसाच्या नावावर पक्की होते. शिवाय गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांच्यात अधिकार वाटलेले असत. एकट्याच्या शब्दावर कारभार चालत नसे. नियम सगळ्याच किल्ल्यांसाठी होते, पण सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग अशा भर समुद्रातल्या किल्ल्यांवर ते पाळताना किती कष्ट पडत असतील, हे आषाढात कोकणात राहिलेल्यालाच कळेल.

ब्रिटिश अमदानीत पितळी काडतुसे आली आणि दुखणे धातूत शिरले. हिंदुस्थानातल्या छावण्यांत पावसाळाभर तबेल्यांत ठेवलेली काडतुसे पाऊस सरल्यावर बाहेर काढली, तर कवचांना चिरा पडलेल्या असत. एकही गोळी झाडलेली नसे आणि कारखान्यातून निघताना माल ठाकठीक असे. उलगडा व्हायला १९२१ साल उजाडले. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले पितळ थंडच ओढून कवच घडवले की धातूत ताण साठून राहतो. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा यांची गाठ पडली की त्या ताणावरच पितळ तडकते. उपाय साधा निघाला: घडवल्यावर कवच हलक्या आचेवर तापवून ताण काढून टाकायचा. तपासणीही सोपी झाली. नमुन्याचे कवच मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचे. ताण उरला असेल तर थोड्याच वेळात चीर उघडी पडते. पुढे कित्येक महिन्यांनी कोठारात दिसला असता तो दोष असा कारखान्यातच पकडता येऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, म्हणजे सरकारी शस्त्रसामग्रीच्या कारखान्यात, काडतुसांसाठी लागणारे पितळ तयार होत आले आहे. कोकणात पिकलेले हे काम, त्यामुळे त्याची तपासणी ही आपल्याही जिव्हाळ्याची गोष्ट. गोळा तपासायचा तर तो उडवावाच लागतो, म्हणून माल लॉटने, म्हणजे ठरावीक नगांच्या गटाने, बनतो. लॉटमधले काही नमुने उडवून बघतात आणि ते नापास झाले तर लॉट अडतो. समुद्रावर जाणाऱ्या उपकरणांना खाऱ्या पाण्याचा फवारा मारणाऱ्या चाचणीच्या पेटीतूनही जावे लागते. उरणजवळच्या करंजाला नौदलाचे शस्त्रागार आहे, म्हणजे पेटीतली परीक्षा संपली तरी खरा खारा वारा पुढे उभाच असतो.

आता तपासणारा कोण, हा मुद्दा. गुणवत्ता हमी महासंचालनालय, म्हणजे माल तपासणारे डीजीक्यूए, हे कारखाने चालवणाऱ्या ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाहून वेगळे होते, पण दोन्ही संरक्षण मंत्रालयातल्या संरक्षण उत्पादन विभागाच्याच छत्राखाली. ही वाटणी अर्धवट होती, असे मला स्पष्ट वाटते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी बोर्ड मोडून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली आणि शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. २०२४ मध्ये डीजीक्यूएचीही फेररचना झाली. कंपनी म्हटली की ऑर्डरची मुदत आली आणि नफ्याचा हिशेबही आला. अशा वेळी लॉट अडवण्याचा अधिकार उत्पादनाचे उद्दिष्ट गाठायची ज्याच्यावर सक्ती नाही, अशाच माणसाकडे हवा. पावसाळ्यानंतर कोठारात सापडलेला प्रत्येक दोषही लॉट नंबरासकट ज्या कारखान्यातून माल आला त्याच्याकडे लेखी परत जायला हवा.