जुनी झूम लेन्स : डिजिटल कॅमेऱ्यावरील वापर

जुनी झूम लेन्स म्हणजे फिल्म कॅमेऱ्यासाठी बनवलेली, केंद्रांतर (फोकल लेंग्थ) कमीजास्त करता येणारी आणि आज थोड्या पैशात मिळणारी लेन्स. ती डिजिटल कॅमेऱ्याच्या बॉडीवर थेट किंवा मध्ये ॲडॉप्टर घालून बसवतात. १९७० नंतरच्या तीन दशकांत अशा लेन्स प्रचंड संख्येने बनल्या. त्यांत ३५–७०, ७०–२१०, ८०–२०० आणि ७५–३०० मिमी हे पल्ले सर्रास सापडतात. कोल्हापुरात त्या बहुधा जुन्या स्टुडिओवाल्याच्या कपाटातून, नाहीतर एखाद्या हौशी काकांच्या चामडी बॅगेतून बाहेर येतात.

कोल्हापूरकराला लांब पल्ल्याची लेन्स लागते याला कारण आहे. इथले डोळे भरून पाहण्यासारखे बरेच काही गर्दीच्या मागून किंवा कट्ट्यावर बसूनच पाहायचे असते : खासबागेतली कुस्ती, शाहू स्टेडियमवरचा तालमींचा फुटबॉल, जोतिबाच्या डोंगरावर नाचणाऱ्या सासनकाठ्या, रंकाळ्याच्या पाण्यावरचे पक्षी. एफ/२.८ ची (एफपुढचा आकडा लहान तितके ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे भोक, मोठे) नवी ७०–२०० लेन्स लाखाच्या पुढे जाते आणि शिकणाऱ्या पोरांना ती परवडत नाही. जुनी ७०–२१० त्याच जागेवरून तेवढाच जवळचा फोटो देते. मात्र तिला उजेड जास्त लागतो आणि वापरणाऱ्याच्या हाताला सराव लागतो.

घडण

३५ मिमी फिल्मच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ मध्ये आली. फ्रँक बॅक यांनी आखलेली ही फोग्टलेंडर झूमार ३६–८२ मिमी, एफ/२.८ होती. १९६३ ची निकॉनची ४३–८६ मिमी भरपूर खपली, पण तिच्या पहिल्या आवृत्तीने झूम लेन्सची बदनामीही केली. चित्र मऊ यायचे आणि कडेच्या सरळ रेषा वाकायच्या. ‘झूम म्हणजे तडजोड’ हा समज तेव्हापासूनचा. १९७० च्या दशकात संगणकाच्या मदतीने आराखडे होऊ लागले आणि विविटार सीरीज १ ची ७०–२१० (एफ/३.५) यांसारख्या लेन्सनी तो समज बराच दूर केला. १९८५ मध्ये मिनोल्टाने ऑटोफोकसच्या नव्या माउंटबरोबर (माउंट म्हणजे लेन्स आणि बॉडी यांचा जोड) ७०–२१०, एफ/४ लेन्स आणली. जाडजूड, सरळसोट आकारामुळे तिला जगभर ‘बिअरकॅन’ म्हणतात. हा माउंट २००६ मध्ये सोनीकडे गेला. त्यामुळे सोनीच्या ए-माउंट डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) ही लेन्स ॲडॉप्टरशिवाय बसते आणि फोकसही आपणहून करते. स्वस्तातल्या जुन्या झूममध्ये नवशिक्याने आधी हीच शोधावी.

त्या काळातल्या अनेक लांब झूमवर एकच रुंद कडे असते. ते पुढेमागे ओढले की झूम होते आणि फिरवले की फोकस. हात एकदा बसला की दोन कड्यांच्या लेन्सपेक्षा हे जलद जमते. दोष असा की वापराने आतला घट्टपणा जातो आणि लेन्स खाली झुकवली की नळी आपल्या वजनानेच घसरते. दुसरी गोष्ट धुळीची. ओढताना नळी भात्यासारखी हवा आत घेते, आणि हवेबरोबर जे असेल तेही.

यांतल्या पुष्कळ लेन्स झूम बदलला तरी फोकस धरून ठेवतात. म्हणजे २०० वर नेऊन फोकस नेमका करायचा आणि मग १०० वर येऊन फोटो घ्यायचा. ही सोय ॲडॉप्टरच्या जाडीवर अवलंबून असते. ॲडॉप्टर केसभर पातळ असला तरी ती जाते, आणि लोक मात्र लेन्सला बोल लावतात.

माउंट आणि ॲडॉप्टर

लेन्सचा बसता कडा आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातले अंतर प्रत्येक माउंटला ठरलेले असते. निकॉन एफचे ४६.५ मिमी, एम४२ या स्क्रू माउंटचे आणि पेंटॅक्स केचे ४५.४६, कॅनन ईएफचे ४४, मिनोल्टा एमडीचे ४३.५, कॅनन एफडीचे ४२. ज्या बॉडीचे अंतर लेन्सच्या अंतरापेक्षा कमी, तिच्यावर मधली फट ॲडॉप्टरने भरून काढता येते. म्हणून कॅननच्या डीएसएलआरवर जुन्या निकॉन, एम४२ आणि ऑलिम्पस ओएम लेन्स बसतात. एफडी लेन्स मात्र तिच्यावर दूरचा फोकस गमावते. निकॉनच्या डीएसएलआरवर तर जवळजवळ कुठलीच परकी लेन्स नीट बसत नाही. अशा ॲडॉप्टरमध्ये भिंग घालून तो दोष झाकतात, पण ते स्वस्त भिंग चित्राची धार घालवते. त्यापेक्षा निकॉनवाल्याने निकॉनचीच जुनी लेन्स घ्यावी. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांत ही अडचण उरत नाही. सोनी ईचे अंतर १८ मिमी आणि निकॉन झेडचे १६ मिमी असल्याने त्यांच्यावर वरच्यापैकी कोणतीही लेन्स चढते.

भिंग नसलेला ॲडॉप्टर म्हणजे शेवटी एक नेमके कातलेले कडे. एम४२ चा आटा ४२ मिमी व्यासाचा आणि १ मिमी पिचचा असतो. उद्यमनगरातल्या कुठल्याही कसलेल्या टर्नरला तो लेथवर पाडता येतो. अडचण आट्याची नसून जाडीची आहे, कारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतली चूकही इथे दिसते. टर्नरकडे जाताना नमुन्याचे कडे आणि मायक्रोमीटरने घेतलेले माप बरोबर न्यावे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी (१८९०–१९५४) स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर मूकपट काढले, त्या गावात हे काम परके वाटायचे कारण नाही.

निकॉनवाल्यांसाठी एक सावधगिरी. १९७७ मध्ये लेन्सवरचे ॲपर्चर बॉडीला कळवणारी एआय पद्धत आली. त्याआधीची, न सुधारलेली लेन्स डी७००० सारख्या बॉडीवर जोर लावून बसवली तर माउंटच्या कडेची खिटी मोडू शकते. डी३००० आणि डी५००० या मालिकांत ती खिटीच नाही. त्यांच्यावर अशी लेन्स बिनधोक बसते, पण उजेड मोजला जात नाही. कॅनन ईएफ माउंटच्या, पण बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेल्या काही जुन्या ऑटोफोकस लेन्स डिजिटल बॉडीशी बोलत नाहीत. पूर्ण उघड्या ॲपर्चरला त्या चालतात आणि ॲपर्चर लहान केले की कॅमेरा एरर दाखवतो. त्यामुळे अशी लेन्स घेताना आपली बॉडी बरोबर न्यावी आणि एफ/८ ला एक तरी फोटो काढून पाहावा.

बॉडीवर बसल्यावर

एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सेन्सरवर चित्राचा कोन दीडपट अरुंद होतो. ७०–२१० लेन्स फुल फ्रेमवरच्या (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवरच्या) १०५–३१५ इतकी जवळची वाटते आणि ३५–७० लेन्स ५२–१०५ इतकी. म्हणून लहान सेन्सरवर जुनी लांब झूम फायद्याची ठरते आणि जुनी छोटी झूम निरुपयोगी नसली तरी अडचणीची. भवानी मंडपासमोर उभे राहून ३५–७० ने अख्खी कमान चौकटीत घेऊ पाहणारा मागे सरत सरत रस्त्यावर येतो.

लहान सेन्सर भिंगाचा मधला, चांगला भाग वापरतो आणि कमजोर कडा सोडून देतो. पण त्याचे पिक्सेल फार बारीक असतात. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रोमीटरचा येतो आणि फिल्मवर न दिसलेला मऊपणा तो उघडा पाडतो. उपाय साधा आहे : ॲपर्चर लहान करणे. एफ/४ ला धुरकट दिसणारी लेन्स एफ/८ ला बहुधा ओळखू येत नाही इतकी सुधारते. लांब टोकाला, म्हणजे २०० च्या आसपास, त्या जास्त ढिल्या पडतात, म्हणून १५०–१८० वर थांबून नंतर फोटो कापणे पुष्कळदा बरे. पांढऱ्या धोतराच्या किंवा फांद्यांच्या कडेला उमटणारी जांभळी रेघ ॲपर्चर लहान केल्याने कमी होते आणि उरलेली रॉ फाईल (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) संगणकावर सुधारताना पुसता येते.

बॉडीशी विजेचा संपर्क नसलेल्या लेन्ससाठी मिररलेस कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय आधी चालू करावा लागतो. तो न केल्यामुळे चांगल्या लेन्स ‘चालत नाहीत’ म्हणून परत गेल्या आहेत. जिथे उजेड मोजला जात नाही तिथे जुना हिशेब पुरतो. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० असताना एफ/१६ ला सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजेच एफ/८ ला चारशेवा. बॉडीत कंपरोधक असेल तर त्याला केंद्रांतर सांगावे लागते. झूमच्या बाबतीत आपण वापरणार त्यातला लहान आकडा द्यावा. मोठा आकडा दिला तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि चित्र उलट बिघडते. कंपरोधक नसेल तर २०० मिमीला सेकंदाच्या तीनशेव्या भागाखाली उतरू नये.

मैदानावर

हाताने फोकस करायची लेन्स कुस्तीला चालेल का, ही शंका सगळ्यांनाच येते. खरे तर कुस्ती तिच्यासाठी सोपी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या खासबाग मैदानात (१९१२) हौदा, म्हणजे कुस्तीची माती, मधोमध आणि प्रेक्षक भोवती. आपली बसायची जागा एकदा ठरली की अंतरही ठरले. समजा हौदा ३० मीटरवर आहे, झूम १३५ वर आणि ॲपर्चर एफ/५.६. एपीएस-सीवर साधारण २५ ते ३७ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. २०० वर गेलो तरी जवळजवळ पाच मीटरचा पट्टा हाती राहतो. फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहिला तर हा पट्टा अरुंद वाटेल, छापील फोटोत वाटणार नाही. म्हणून जोड लागण्याआधी, पंच मातीत उभे असतानाच, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे चित्र) दहापट मोठा करून त्यांच्या अंगावर फोकस करावा आणि कड्याला कागदी चिकटपट्टी लावून टाकावी. पुढे बोट फक्त शटरवर. ढाक किंवा घिस्सा हा डाव लागतो त्या क्षणाला पाचशेवा भाग तरी हवा. उन्हे उतरल्यावर त्यासाठी आयएसओ १६०० पर्यंत चढवायला कचरू नये. हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही चांगला.

फुटबॉल अवघड. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या सामन्यात चेंडूमागे फोकस फिरवत बसले तर हाती काही लागत नाही. तिथे गोलजवळची एक जागा पकडून फोकस करून ठेवावा आणि खेळ तिथे येण्याची वाट पाहावी. संध्याकाळभरात चार फोटो मिळतील, पण ते मिळतील.

चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा ही लेन्ससाठी सगळ्यांत कठीण जागा. हवेत गुलाल असतो आणि ओढायची झूम तो आत ओढून घेते. डोंगरावर जाण्याआधी पुढे साधा यूव्ही फिल्टर चढवावा, लेन्स आणि बॉडीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधावी आणि शक्यतो एकाच आकड्यावर झूम ठेवून काम करावे. वर लेन्स बदलू नये. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश. ओल्या फडक्याने पुसले की गुलालाचा लगदा होऊन तो कड्यांच्या फटीत बसतो आणि पुढे कडे करकरते.

रंकाळ्यावर सूर्यास्त घेताना जुन्या भिंगांचे चमक रोखणारे लेप कमी पडतात. चित्रावर धुके येते आणि प्रकाशाचे ठिपके सांडतात. रबरी हूड आणि आडवा धरलेला हात यांनी बरेच भागते. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून लांब लेन्सने सूर्याकडे पाहू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो.

ज्या झूमवर ‘मॅक्रो’ लिहिलेले असते ती बहुधा वस्तूच्या चौथ्या हिश्शाइतकी प्रतिमा सेन्सरवर देते. किड्यांसाठी ते अपुरे आहे. चपलेची वेणी किंवा साजातले मणी टिपायला उत्तम.

पावसाळा आणि बुरशी

कोल्हापुरात लेन्स पडून फुटण्यापेक्षा बुरशीने जास्त मरतात. हवेतला ओलावा ६०–६५ टक्क्यांवर बरेच दिवस राहिला, वर अंधार आणि कोंडलेली हवा मिळाली की भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. जून ते सप्टेंबर घराघरात हीच स्थिती असते. राधानगरी, गगनबावड्याकडे तर विचारायलाच नको. झूम लेन्समध्ये भिंगे पुष्कळ आणि हवेच्या फटीही पुष्कळ, म्हणून साध्या लेन्सपेक्षा तिला धोका जास्त. बुरशी आम्ल सोडते आणि ते आधी लेप, मग काच खाते. नुसते धागे असतील तर लेन्स उघडून पुसता येतात. काच खाल्ली गेली असेल तर तो डाग निघत नाही.

विकत घेताना मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून, ॲपर्चर पूर्ण उघडून, लेन्स तिरकी धरून आत पाहावे. धुळीचे कण दिसतील, त्यांची काळजी नको. धागे, दुधाळ पडदा आणि ॲपर्चरच्या पात्यांवरचे तेल पाहावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आणखी एक तपासणी गरजेची झाली आहे : स्क्रूच्या खाचांत गंज आणि कड्यांच्या कडेला वाळलेला गाळ आहे का. पाण्यात बुडालेली लेन्स बाहेरून चकचकीत पुसलेली असली तरी घेऊ नये. पुढच्या भिंगावर कोपऱ्यात थोडी बुरशी असेल तर ती फोटोत सहसा दिसत नाही, भाव मात्र निम्म्याने पाडून मागावा. मागच्या भिंगावरची बुरशी चालवून घेऊ नये, ती चित्रात उतरते.

एका लेन्सची बुरशी दुसरीला ‘लागते’ म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. बीजाणू सगळ्या हवेत असतातच, बंदोबस्त ओलाव्याचा करायचा असतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात निळी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढ्यात ओलावा ४०–५० टक्क्यांवर राहतो. जेल गुलाबी झाली की मंद आचेवर तापवून पुन्हा निळी करावी. चामडी कव्हर लेन्सपासून दूर ठेवावे, चामडे ओलावा धरते. श्रावणात उघडीप मिळाली की लेन्स बाहेर काढून, दोन्ही टोप्या उतरवून, झूम आणि ॲपर्चर पाचपन्नास वेळा फिरवून तासभर खिडकीच्या सावलीत ठेवावी. थेट उन्हात नको. पुढच्या भिंगातून एकवटलेले ऊन खालचे वर्तमानपत्र पेटवू शकते.