रुमालात बांधलेले कागद आणि लॉक झालेला फोन

वडील गेल्यावर तेराव्यानंतर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली तेव्हा आत डायऱ्या निघाल्या, बँकेतून आणि औषधाच्या दुकानातून फुकट मिळतात तसल्या, रेक्झिनच्या कव्हरच्या, सगळ्या मिळून सव्वीस. दुधाचा हिशोब, पहिला पाऊस कधी पडला, कोण येऊन गेलं, कोणाला किती उसने दिले, आणि मधेच एखादं पान भरून मनातलं. शेवटची डायरी २०१७ ची. त्यानंतर ते फोनवरच लिहायचे, आणि तो फोन लॉक. पॅटर्न कोणालाच माहीत नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला रीसेट करून देतो, पण आतलं सगळं जाईल. मग तसाच परत आणला.

म्हणजे १९९१ साली बाबांनी काय भाजी आणली ते मला माहितीये आणि २०२१ मधे ते काय विचार करत होते ते माहीत नाही. या उलट्या प्रकारामुळे मी मागचं शोधायला लागलो, की आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या कागदपत्रांचं व्हायचं काय. जे सापडलं ते इथे लिहितोय.

कपडे, भांडी, दागिने यांचं ठरलेलं असतं. अंथरूण-पांघरूण, छत्री, चपला दानात जातात, धोतरं-लुगडी कोणाला तरी दिली जातात, मऊ झालेल्या नऊवारीची गोधडी होते आणि तिच्या ठिगळांवर बोट ठेवून ही आज्जीची, ही मावशीची असं सांगता येतं. कागदाचं तसं काही ठरलेलं नव्हतं. पोथी असेल तर नदीत सोडायची. दफ्तर असेल तर माळ्यावर जायचं, कारण त्यात जमिनीचा, वतनाचा पुरावा असायचा, कधी भांडण लागलं तर उपयोगी पडेल म्हणून. महाराष्ट्राच्या इतिहासाचं खूपसं साधन या एका कारणाने वाचलंय. ते जपणाऱ्यांना इतिहास जपायचा नव्हता, हक्क जपायचा होता.

हे कागद ठेवायची पद्धत म्हणजे रुमाल. चौकोनी जाड कापड, मधे कागदांचा गठ्ठा, चारी टोकं वर घेऊन गाठ. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही रुमालच मोजतात. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० च्या आसपास तिथल्या कागदांतून निवड करून पंचेचाळीस भाग छापून घेतले, तेवढं करायलासुद्धा काही वर्षं लागली, आणि बाकीचे रुमाल अजून आहेतच. नाना फडणवीस १८०० साली गेले, त्यांचं दफ्तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात राहिलं, आणि जवळपास शंभर वर्षांनी दत्तात्रय बळवंत पारसनीसांसारख्या माणसांनी त्याला हात लावला. शंभर वर्षं, विचार करा! मधे कोणी त्याला चार्जिंग केलं नाही, पासवर्ड टाकला नाही, वर्गणी भरली नाही. वाळवी आणि पाऊस चुकवला की कागद नुसता पडून राहिला तरी चालतं.

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचं नाव इथे घ्यावंच लागतं. वाईला पानिपतच्या काळातली पत्रं त्यांच्या हाती लागली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे बावीस झाले. हा माणूस गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवर चढायचा, दफ्तरं बघू द्या म्हणून विनवण्या करायचा, कारण त्या काळात घरचा म्हातारा गेला की पोरं मोडीतले कागद वाण्याला रद्दीत घालायची आणि वाणी त्याच्या पुड्या बांधायचा. १९१० मधे पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते या धडपडीतूनच. नंतर मतभेद झाले, ते धुळ्याला गेले, आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. आता त्यांच्याच कागदांचा प्रश्न उभा राहिला. धुळ्याच्या लोकांनी लगेच १९२७ च्या सुरुवातीला त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं आणि त्यांची टिपणं, पुस्तकं, जमवलेले कागद तिथे ठेवले, त्यांचं धातुकोशाचं काम त्यांच्यामागे छापून आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या वाचवल्या त्याच्या वह्या गावाने वाचवल्या, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पण कागद वाचला म्हणजे त्यातलं सगळं तसंच्या तसं पुढे येतं असं नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मधे दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेले आणि बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात आत अडकले, आणि म्हातारपणी ते सगळं चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढलं. वैद्यांनी ते छापलं १९०७ मधे, लेखक हयात नसताना, आणि छापताना बऱ्यापैकी काटछाट आणि बदल करून, कारण राज्य इंग्रजांचं. सुदैवाने मूळ हस्तलिखित त्यांनी फेकलं नाही, १९२२ मधे भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलं, आणि मग दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मधे मुळाबरहुकूम ‘माझा प्रवास’ छापलं. म्हणजे गोडसे भटजींचं स्वतःचं वाक्य लोकांपर्यंत यायला जवळपास ऐंशी वर्षं लागली. मूळ वही टिकली म्हणून ती आली. वैद्यांनी छापल्यावर वहीचं काम संपलं असं समजून ती टाकली असती तर आपण आज वैद्यांनी सुधारलेलं वाचत बसलो असतो.

आनंदीबाई जोशींचं वेगळं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, वय एकवीस. त्यांच्या अस्थी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या, पकिप्सीच्या दफनभूमीत त्यांचा दगड आहे. आणि त्यांनी कार्पेंटरबाईंना लिहिलेली पत्रं तिकडे जपलेली होती, म्हणून १८८८ मधेच कॅरोलाइन डॉल यांनी चरित्र लिहिलं. पत्राचं हे बरं असतं, आपण लिहिलेलं समोरच्याच्या घरात राहतं. आपल्याकडचं सगळं गेलं तरी अर्धं तिकडे.

आणि बहिणाबाई चौधरी. ३ डिसेंबर १९५१ ला जळगावला गेल्या, लिहिता येत नव्हतं, गाणी त्यांच्या तोंडात आणि सोपानदेवांनी नि घरच्यांनी उतरवून घेतलेल्या कागदांवर. सोपानदेवांनी ती अत्र्यांना दाखवली, अत्रे म्हणाले हे बावनकशी सोनं आहे, आणि १९५२ मधे पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांना कळलं. किती घरांमधे आईच्या ओव्या तिच्याबरोबरच गेल्या असतील.

सगळ्यात जास्त मला अस्वस्थ केलं ते बाबासाहेबांच्या कागदांनी. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या घरात ते गेले. मृत्युपूर्वी तपासत असलेला ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मधे निघाला. पण बाकीची हस्तलिखितं, टिपणं, पत्रव्यवहार? वारसाहक्काचा प्रश्न कोर्टात, घर भाड्याचं, मग ते विकलं गेलं, आणि १९६७ च्या जानेवारीत जागा रिकामी करून घेताना कागद बाहेर अंगणात टाकले गेले नि पावसात भिजले. ज्या माणसाने देशाची घटना लिहिली त्याच्या हातचे कागद चिखलात. त्यातलं काय काय कायमचं गेलं ते कधीच कळणार नाही, कारण यादीच नव्हती. जे वाचलं ते पेट्यांमधे सील होऊन सरकारी ताब्यात पडून राहिलं. नागपूरच्या एका वकिलांनी हे छापा म्हणून कोर्टात धाव घेतली, १९७६ मधे महाराष्ट्र सरकारने समिती नेमली, वसंत मून यांनी त्या पेट्यांमधले सुटे कागद लावत आयुष्याची कितीतरी वर्षं घातली आणि १४ एप्रिल १९७९ ला पहिला खंड आला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ आलं १९८७ मधे, म्हणजे लेखक जाऊन एकतीस वर्षांनी, तेही काही प्रकरणं अपुरी राहिलेल्या हस्तलिखितावरून. दरवर्षी लाखो माणसं चैत्यभूमीवर जातात आणि खंड डोक्यावर घेऊन घरी आणतात, त्या खंडांच्या मागे ही गोष्ट आहे हे सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता कायदा काय म्हणतो. वही ही वस्तू, ती वारसांची होते. पण वहीतल्या मजकुराचा हक्क वेगळा असतो, आणि तोही वारसांकडे जातो, लेखक गेल्यापासून साठ वर्षं, आणि लेखन त्याच्यामागेच पहिल्यांदा छापलं गेलं तर छापल्यापासून साठ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक कलम आहे, विसावं, फार कमी लोकांना माहीत असतं, की मृत्युपत्राने तुम्ही एखाद्याला न छापलेलं हस्तलिखित दिलंत आणि वेगळं काही लिहिलं नसेल तर त्याचा कॉपीराइटही त्यालाच मिळतो. म्हणजे ‘माझ्या वह्या धाकटीला’ एवढं लिहिलं तरी छापायचं की नाही हे धाकटी ठरवणार. मृत्युपत्र मात्र कागदावरच हवं, सही आणि दोन साक्षीदारांसकट, कारण आयटी कायदा २००० ने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांना मान्यता दिली तेव्हा मृत्युपत्र त्यातून मुद्दाम वगळलं. फोनवर व्हिडिओ करून ठेवला म्हणून काम होत नाही.

अजून एक घोळ घराघरांत असतो तो नॉमिनीचा. नॉमिनी म्हणजे मालक नाही. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९८३ मधेच सांगितलं (२०१५ च्या दुरुस्तीनंतर विम्यात आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद आहे) आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मधे, ते तर आपल्या मुंबईचंच प्रकरण. एरवी नॉमिनीच्या हातात येतं, पण हक्क वारसांचा.

डिजिटल गोष्टींचं खरं भांडण जगात २००५ पासून दिसतं. अमेरिकेतला एक तरुण सैनिक नोव्हेंबर २००४ मधे इराकमधे मारला गेला, आईवडिलांनी त्याचे ईमेल मागितले, याहूने नियमावर बोट ठेवून नाही म्हटलं, शेवटी मिशिगनच्या कोर्टाने आदेश दिला तेव्हा मिळाले. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा निकाल जर्मनीचा आहे. बर्लिनमधे २०१२ साली पंधरा वर्षांची मुलगी भुयारी रेल्वेखाली गेली, अपघात की आत्महत्या हे आईवडिलांना कळेना, त्यांच्याकडे तिच्या फेसबुकचा पासवर्डसुद्धा होता, पण कंपनीने खातं स्मृतिखातं करून टाकलेलं, आत जाता येईना. १२ जुलै २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पत्रं आणि रोजनिशी वारसांना मिळते, मग हे का नाही मिळणार. एवढं सरळ. पण ते वाचताना मला ते मेसेज पाठवणाऱ्या तिच्या मैत्रिणी पण आठवल्या, त्यांनी थोडंच तिच्या आईसाठी लिहिलं होतं.

कंपन्यांनी मग हळूहळू सोयी केल्या. गूगलने २०१३ मधे, म्हणजे खातं ठराविक महिने बंद दिसलं तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवायचं आणि फाइल्स द्यायच्या. फेसबुकने २०१५ मधे, त्यात नेमलेल्या माणसाला मेसेज वाचता येत नाहीत. ॲपलने २०२१ च्या शेवटी. हे सगळं आधी स्वतः करून ठेवावं लागतं, गेल्यावर नाही. नाहीतर काय होतं तर गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं उडवू शकतं, व्हॉट्सॲप साधारण चार महिन्यांनी. मोबाइल नंबर बंद केला की तीन महिन्यांनंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो, आणि ओटीपी त्या नंबरवर येत असतात! म्हणून घरातलं माणूस गेल्यावर पैसे वाचवायला लगेच सिम बंद करू नका, आमच्याकडे तेच झालं आणि मग जे उघडता आलं असतं तेही अडकलं. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, कलम चौदामधे, आपल्यामागे आपल्या डेटाचे हक्क बजावायला माणूस नेमायची तरतूद आलीये, पण ती माहीत असलेला माणूस मला अजून भेटला नाही.

मला लोक म्हणतात की मोडी पण कोणाला वाचता येत नाही, मग फरक काय. फरक मोठा आहे. मोडी शिकता येते, वर्ग निघतात, सहा महिने घासलं की पणजोबांचं खत लागायला लागतं. लॉक झालेला फोन शिकून उघडत नाही. आणि मेणवलीसारखा शंभर वर्षं थांबतही नाही, बॅटरी फुगते.

डायऱ्या मी एकेक करून वाचत होतो तेव्हा आई जवळ येऊन बसली. तिने ८६ आणि ८७ च्या दोन बाजूला काढल्या आणि म्हणाली, या नको वाचूस, तेव्हाचं त्यांनी मला सांगितलंय तेवढं पुरे. का ते मी विचारलं नाही. तिने आपली एक जुनी सुती साडी फाडली, त्या दोन आणि बाबांचा फोन त्यात ठेवला आणि चार टोकांची गाठ मारली. बाकीच्या चोवीस माझ्याकडे आहेत, सध्या १९९४ चालू आहे, जूनमधे पाऊस लवकर आला होता असं दिसतंय.