टुल्प यांच्या हातातील चिमटा : बरोक चित्रकलेतील शरीराभ्यासाची पार्श्वभूमी

हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयातील ‘डॉ. निकोलास टुल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ हे डच चित्रकार रेम्ब्रांटचे १६३२ सालचे चित्र पाहताना चित्रकाराने स्वतः प्रेते उघडून अभ्यास केला असावा, असे सहज वाटून जाते. प्रत्यक्षात सतराव्या शतकातील बहुतेक चित्रकारांनी हातात सुरी धरलीच नव्हती. त्यांचे शरीरज्ञान छापील ग्रंथांतून, मेणाच्या व धातूच्या पुतळ्यांवरून आणि फार तर वैद्यांनी केलेले विच्छेदन प्रेक्षक म्हणून पाहून आलेले होते. बरोक, म्हणजे सतराव्या शतकातील नाट्यमय व गतिमान युरोपीय शैलीच्या, चित्रांतील देहाचे वेगळेपण समजून घ्यायचे तर ही उसनवारी आधी ध्यानात घ्यावी लागते.

स्वतः विच्छेदन करणाऱ्या चित्रकारांची पिढी त्याआधीची. लिओनार्दोने आयुष्याच्या अखेरीस आपण तीसहून अधिक देहांचे विच्छेदन केल्याचे सांगितले होते. मात्र त्याची रेखाटने त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत आणि पुढील चित्रकारांना त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. खरा पालट घडवला तो १५४३ मध्ये बाझेल येथे छापल्या गेलेल्या आंद्रेआस व्हेसालियसच्या मानवी देहरचनेवरील ग्रंथाने. पादुआ विद्यापीठात शिकवणाऱ्या या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या वैद्याने गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या परंपरागत मतांना प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे आव्हान दिले. त्याच्या ग्रंथातील लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांत त्वचा उतरवलेले देह मोकळ्या निसर्गात ऐटीत उभे आहेत. वैद्यांइतकीच ती चित्रे कार्यशाळांमध्येही पाहिली गेली, आणि प्रेताच्या जवळपास न जाता स्नायू शिकण्याची सोय चित्रकाराला मिळाली.

इटलीत याच सुमारास कलाशिक्षणाला संस्थेचे रूप येत होते. फ्लॉरेन्सची कला अकादमी १५६३ मध्ये स्थापन झाली. बोलोन्यात काराच्ची बंधूंनी १५८० च्या दशकात सुरू केलेल्या अकादमीत जिवंत मॉडेलवरून रेखाटन करण्यावर भर होता. फ्लॉरेन्सचा चित्रकार चिगोली याने १६०० च्या सुमारास त्वचाविरहित पुरुषाची लहानशी मेणाची प्रतिमा घडवली. पुढे ती कांशात ओतली गेली आणि अशा प्रतिमा चित्रकारांच्या नेहमीच्या वापरातल्या झाल्या. १६०० ते १६०८ या काळात इटलीत असलेल्या रुबेन्स या फ्लेमिश चित्रकारानेही त्वचाविरहित देहांची रेखाटने केली. व्हेसालियसचे देह उभे राहून स्वतःचे प्रदर्शन करतात, तर रुबेन्सचे देह पिळवटतात, झेपावतात, ताणले जातात. माझ्या मते बरोक शरीराभ्यासाचे मर्म येथेच आहे, कारण स्नायू कोठे आहे यापेक्षा जोर लागल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न आता चित्रकाराला पडू लागला होता.

ॲम्स्टरडॅममध्ये मात्र हा विषय वेगळ्या वाटेने चित्रात आला. तेथील शल्यचिकित्सकांच्या व्यावसायिक संघाला, म्हणजे गिल्डला, देहदंड झालेल्या गुन्हेगाराच्या शरीराचे विच्छेदन करण्याची परवानगी १५५५ पासून होती. प्रेत लवकर कुजू नये म्हणून हे विच्छेदन हिवाळ्यात होई आणि ते पाहायला सामान्य नागरिकही पैसे भरून येत. संघातील शल्यचिकित्सक अशा प्रसंगाचे समूहचित्र काढून घेत; आर्ट पीटर्सने १६०३ मध्ये पूर्ण केलेले चित्र हे या परंपरेतील पहिले मानले जाते. तेथे माणसे रांगेत मांडल्यासारखी आहेत, आणि प्रेत केवळ निमित्त आहे.

रेम्ब्रांट पंचविशीत असताना हेच काम त्याच्याकडे आले. टुल्प १६२८ पासून संघाचे व्याख्याते होते. पुढे ते शहराचे महापौरही झाले. टेबलावरील देह आड्रियान आड्रियान्सझोन ऊर्फ आरिस किंट या, चोरीच्या गुन्ह्यासाठी फासावर गेलेल्या माणसाचा आहे. विच्छेदनाची सुरुवात प्रथम कुजणाऱ्या पोटापासून करण्याचा प्रघात होता. येथे पोट अखंड आहे आणि फक्त डावा हात उघडला आहे. त्यामुळे हे चित्र घटनेचे जसेच्या तसे वर्णन नाही, हे उघड आहे. टुल्प उजव्या हातातील चिमट्याने बोटे वाकवणारे स्नायू उचलतात आणि डाव्या हाताची बोटे वाकवून त्या स्नायूंचे कार्य दाखवतात. रचना मृताच्या हातात आणि क्रिया जिवंताच्या हातात अशी ही मांडणी आहे. व्हेसालियसच्या ग्रंथातील त्याचे स्वतःचे चित्रही उघडलेला हात दाखवणारे आहे, त्यामुळे टुल्प यांनी त्या पूर्वसुरीशी नाते जोडले असावे, हा अभ्यासकांचा तर्क पटण्याजोगा वाटतो. स्नायूंचा उगम अचूक दाखवला आहे की नाही, यावर शल्यचिकित्सक आजही वाद घालतात.

१६५६ मध्ये रेम्ब्रांटने डॉ. डेमन यांचा पाठ रंगवला, तेव्हा त्याने क्रम पाळला. त्यात पोट रिकामे आहे, कवटी उघडली आहे आणि मेंदू दिसतो. प्रेताच्या पायांचे तळवे थेट पाहणाऱ्याकडे येतात. पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकार मान्तेन्याच्या मृत ख्रिस्ताच्या चित्राची आठवण त्यामुळे होतेच. १७२३ च्या आगीत या चित्राचा मोठा भाग जळाला आणि आज त्याचा मधला तुकडाच उरला आहे.

शतकाच्या अखेरीस चित्रकार पुन्हा ग्रंथाकडे वळला, पण या वेळी घेणारा म्हणून नव्हे. होव्हर्ट बिडलो या डच वैद्याच्या १६८५ च्या शरीररचनेवरील ग्रंथासाठी खेरार्ड द लेरेस या चित्रकाराने १०५ चित्रफलकांची रेखाटने केली. व्हेसालियसच्या ऐटबाज देहांऐवजी तेथे दोरीने बांधलेले हात, टाचण्यांनी ताणून धरलेली त्वचा आणि एका फलकावर तर प्रेतावर बसलेली माशीही आहे. वैद्यकीय उपयोगाच्या दृष्टीने या फलकांवर टीका झाली, तरी त्यांची मोहिनी एवढी होती की विल्यम कौपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने १६९८ मध्ये तेच फलक नव्या इंग्रजी मजकुरासह स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले, आणि संतापलेल्या बिडलो यांनी त्याची तक्रार लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेपर्यंत नेली.